वाचलं ते काय? तालीथ्लिनच्या आगगाडीतला एक दिवस



आजचा विषय वरवर हलकाफुलका वाटेल. वाफेच्या गाडीत बसायचं, डोंगरात सात मैल वर जायचं, सात मैल खाली यायचं, संध्याकाळी घरी. पण त्या सहलीच्या पोटात इतिहासाचे आणि तत्त्वज्ञानाचे काही प्रश्न आहेत. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे मला ते दिसतात. तुम्हांला दिसले नाहीत तर गाडीची मजा घ्या, तीही कमी नाही.

प्रश्न एका वाक्यात असा: आपण एखादी जुनी गोष्ट 'जतन केली' असं म्हणतो, तेव्हा नेमकं काय वाचवलेलं असतं? लोखंड? दृश्य? की आणखी काही?

यासाठी मी वेल्समधली एक छोटी रेल्वे निवडली आहे. तिचं नाव तालीथ्लिन. हा उच्चार आपल्या जिभेला तितकासा जमत नाही. वेल्श भाषेत दोन 'एल' जोडून आले की जीभ दातांमागे टेकवून बाजूने फुंकर मारायची असते. मी लिहितो ते जवळपासचं. ही रेल्वे निवडण्याचं कारण, स्वयंसेवकांनी हाती घेऊन चालवलेली ही जगातली पहिली रेल्वे. आज एकट्या ब्रिटनमध्ये अशा लहानमोठ्या वारसा-रेल्वे शंभराहून कितीतरी जास्त आहेत. त्या सगळ्यांची ही थोरली बहीण.

आता ही रेल्वे झाली कशी ते पाहू. त्यात आपलाही एक धागा आहे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. दक्षिणेकडचा कापूस येणं बंद झालं आणि मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या. मग कापूस कुठून आणायचा? खानदेशातून, वऱ्हाडातून. मुंबईत पैशाचा पूर आला, प्रेमचंद रायचंदांचं नाव गाजलं, शेअरचा सट्टा चढला, आणि युद्ध संपल्यावर १८६५च्या जुलैत सगळं कोसळलं. हे आपल्याला ठाऊक आहे. पण तिकडे मँचेस्टरमध्ये काय झालं? तिथल्या मॅकॉनेल या सूतगिरणीवाल्या घराण्याने विचार केला, कापसाचा भरवसा नाही, तर पैसा दुसरीकडे गुंतवावा. त्यांनी वेल्सच्या डोंगरातली ब्रिन एग्लुइस नावाची दगडाची खाण चालवायला घेतली. दगड कोणता? स्लेट. आपण शाळेत जी पाटी घेऊन जायचो, त्याच जातीचा दगड. इंग्लंडमधली घरं याच दगडाच्या पातळ फरश्यांनी शाकारलेली असत, आणि औद्योगिक शहरं वाढत होती तशी मागणीही वाढत होती.

खाणीतला माल तोवर घोड्यांच्या पाठीवरून बंदराकडे जायचा. मॅकॉनेल मंडळींनी रेल्वे बांधायचं ठरवलं, आणि तिचा कायदा ब्रिटिश संसदेत मंजूर झाला तो १८६५च्या जुलै महिन्यातच. म्हणजे ज्या महिन्यात मुंबईचा फुगा फुटला, त्याच महिन्यात वेल्सच्या या गाडीचा कागद तयार झाला. एकच युद्ध, एकच कापूस, आणि दोन टोकांना दोन परिणाम. इतिहास शिकवताना आपण देशांच्या भिंती घालतो. पैसा काही त्या मानत नाही.

रुळांमधलं अंतर ठेवलं सव्वादोन फूट, म्हणजे साधारण ६८६ मिलिमीटर. आपल्या माथेरानच्या गाडीचं दोन फूट आहे, त्याहून तीन इंच जास्त. हे तीन इंच लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

आता गाडीत बसू या. निवृत्तीनंतर मुलीकडे गेलो असताना एक दिवस काढून मी ही सफर केली. समुद्राकाठचं टाउइन नावाचं गाव. स्टेशनाला 'व्हार्फ' म्हणतात, म्हणजे धक्का. नाव धक्का असलं तरी इथे जहाज लागत नाही. खाणीतली स्लेट इथे छोट्या गाडीतून उतरवून मोठ्या रेल्वेच्या डब्यांत चढवत असत.

डब्यात चढताना एक गंमत दिसते. डब्याची दारं एकाच बाजूने उघडतात. याची गोष्ट मोठी नामी आहे. रेल्वे बांधून झाली आणि १८६६ साली सरकारी निरीक्षक कॅप्टन टायलर तपासणीला आले. त्यांच्या लक्षात आलं, की रुळांवरून जाणारे पूल इतके अरुंद बांधलेत की डबा आणि भिंत यांच्यात पुरेशी जागाच नाही. अडचणीत कोणी दार उघडून बाहेर पडायला गेला, तर चिरडेल. पूल पाडून पुन्हा बांधायचे तर पैसा हवा. मग तोड काय निघाली? पुलाखाली रूळ एका बाजूला सरकवायचे, म्हणजे दुसऱ्या बाजूला तरी माणूस बाहेर पडेल एवढी जागा होते, आणि अडचणीच्या बाजूची दारं कायमची बंद करायची. फलाट सगळे एकाच बाजूला. दीडशे वर्षं झाली, अजून तसंच आहे. एका चुकीची डागडुजी आज वारसा झाली आहे! (हशा) हसू नका, आपल्या कितीतरी परंपरा अशाच निघाल्या असतील.

टायलर साहेबांनी इंजिनांनाही नावं ठेवली. रेल्वेची पहिली दोन इंजिनं म्हणजे १८६४चं 'तालीथ्लिन' आणि १८६६चं 'डोलगोख', दोन्ही व्हाइटहेवनच्या फ्लेचर जेनिंग्ज कारखान्याची. पहिलं इंजिन चालताना वरखाली उसळायचं. म्हणून त्याला मागे आणखी दोन चाकं बसवली गेली. म्हणजे ज्याला आपण 'मूळ इंजिन' म्हणतो, ते अगदी सुरुवातीलाच बदललं होतं. हाही मुद्दा बाजूला ठेवा.

गाडी सुटते. वेग म्हणाल तर शेजारून सायकलवाला जाईल. पेन्ड्रेची शेड मागे पडते, मग मेंढ्यांची कुरणं, मग रीडरोनेनचा इवलासा थांबा. दरी हळूहळू अरुंद होते, गाडी डोंगराच्या कडेने चढू लागते आणि डोलगोखच्या तीन कमानींच्या विटांच्या पुलावरून जाते. खाली ओढा, जवळच धबधबे. मग आबरगनोल्विन, आणि शेवटी नान्त ग्वेर्नोल, जिथे दरी संपते आणि रूळही संपतात. जायला जवळपास तास लागतो. डब्यात कोळशाचा वास, खिडकीतून बाहेर डोकावलं तर डोळ्यात कण.

हा आनंद मिळतो, कारण १९५० साली काही माणसं एका खोलीत जमली.

त्याआधीची हकीकत थोडक्यात. १९११ साली खाण आणि रेल्वे हेन्री हेडन जोन्स यांनी घेतली. हे त्याच भागाचे, दीर्घकाळ खासदार, नंतर 'सर' झाले. धंदा तोट्यात जात होता. १९४६च्या डिसेंबरात खाणीत मोठी पडझड झाली आणि खाण बंद झाली. ज्या खाणीसाठी रेल्वे होती ती खाणच संपली. पण जोन्सांनी सांगून ठेवलं होतं, मी जिवंत आहे तोवर गाडी चालेल. आणि चालली. उन्हाळ्यात, आठवड्यातले काही दिवस, एकाच धडपडत्या इंजिनावर. 'तालीथ्लिन' इंजिन गंजून शेडमध्ये पडलं होतं, 'डोलगोख' एकटं ओढत होतं. स्लीपर इतके कुजले होते की रुळांना धरून ठेवण्याचं काम लाकडापेक्षा गवतच जास्त करत होतं.

१९४८ साली ब्रिटनच्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं. कायद्यासोबत रेल्वेंची यादी होती. त्या यादीत तालीथ्लिनचं नाव नव्हतं. शेजारची कॉरिस रेल्वे सरकारजमा झाली आणि त्याच वर्षी बंद पडली. तालीथ्लिन राहिली म्हणून वाचली.

१९५०च्या जुलैत हेडन जोन्स वारले. आता गाडी थांबणार हे उघड होतं. तेव्हा पुढे आले टॉम रोल्ट. पेशाने इंजिनियर, वृत्तीने लेखक. इंग्लंडचे जुने कालवे वाचवण्याच्या चळवळीच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी ११ ऑक्टोबर १९५० रोजी बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात सभा बोलावली. साधारण सत्तर माणसं आली. सभेपुढचा विचार तेव्हा वेडगळच होता: ज्यांचा रेल्वेशी पोटापाण्याचा संबंध नाही, अशा लोकांनी फावल्या वेळात, पगाराशिवाय, खरी रेल्वे चालवायची. लेडी हेडन जोन्स यांनी कंपनीचे शेअर देऊ केले. १४ मे १९५१ रोजी, 'डोलगोख' जोडून, नव्या व्यवस्थेतली पहिली गाडी निघाली.

आता ते तीन इंच आठवा. सव्वादोन फुटांची दुसरी इंजिनं मिळणार कुठे? असलं विचित्र माप वापरणारी एकच शेजारीण होती, ती बंद पडलेली कॉरिस. तिची दोन इंजिनं प्रत्येकी पंचवीस पौंडांना विकत घेतली. एक रुळांवर आणलं, तर ते रुळांच्या मधेच पडायला लागलं. कारण जुन्या मार्गावरचं अंतर नेमक्या मापापेक्षा थोडं जास्त होतं, आणि या इंजिनाची चाकं रुंदीला कमी. म्हणजे रूळ पुन्हा घालणं आलं. आणि ते घातले कोणी? शनिवार-रविवारी येणाऱ्या कारकुनांनी, शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी. यांत एक पाद्रीही होते, रेव्हरंड ऑड्री. 'थॉमस' इंजिनाच्या गोष्टी तुमच्या नातवंडांनी पाहिल्या असतील, त्या याच गृहस्थांच्या. त्यांनी इथे गार्डचं काम केलं आणि पुढच्या पुस्तकांत ही रेल्वेच वेगळ्या नावाने आणली.

आता तत्त्वज्ञानाकडे वळू, फार वेळ घेणार नाही.

पुढे 'तालीथ्लिन' आणि 'डोलगोख' दोन्ही इंजिनं खोलून पुन्हा बांधावी लागली. बॉयलर बदलले, पत्रे बदलले. त्यानंतरही बदलत आले. मग १८६४चं इंजिन म्हणून आपण जे पाहतो, ते १८६४चं आहे का? आपल्याकडे हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी विचारलेला आहे. 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, तू रथातून आलास ना, मग रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. निष्कर्ष असा, की या भागांच्या आधाराने आपण 'रथ' हे नाव वापरतो. भागांपलीकडे रथ नावाची वेगळी वस्तू शोधून सापडणार नाही.

नागसेनाचं उत्तर मला मान्य आहे, पण इथे ते पुरत नाही. कारण भाग बदलले तरी 'तेच इंजिन' म्हणायला काहीतरी आधार आहे, आणि तो आधार लोखंडात नाही. तो कामात आहे.

वाफेचं इंजिन बटण दाबून सुरू होत नाही. गाडी सकाळी दहाची असेल तर पहाटे कोणीतरी येऊन भट्टी पेटवतो. बॉयलर हळूहळू तापवावा लागतो, घाई केली तर धातू ताणला जातो. मग फायरमनचं काम. कोळसा नुसता ढकलायचा नसतो. भट्टीत कुठे जाड थर, कुठे पातळ, हे त्याला ठाऊक असावं लागतं. पुढे चढ येणार असेल तर आधीच आग तयार हवी, कारण चढ आल्यावर कोळसा टाकला तर वाफ उशिरा मिळते. काचेच्या नळीत बॉयलरमधलं पाणी दिसतं, त्याच्यावर सतत डोळा. भट्टीचं छत पाण्याखालीच राहिलं पाहिजे. उघडं पडलं तर तिथे बसवलेली शिशाची गुडदी वितळते आणि वाफ भट्टीत घुसून आग मारते. ती शेवटची सूचना. तीही चुकली तर स्फोट.

गिल्बर्ट राइल या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञाने १९४९च्या आपल्या पुस्तकात एक भेद केला: एखादी गोष्ट अशी आहे हे माहीत असणं वेगळं, आणि ती कशी करायची हे येणं वेगळं. पोहण्यावरचं पुस्तक पाठ केलं म्हणून पोहता येत नाही. इंजिनचंही तसंच. मी आत्ता जे सांगितलं ते तुम्हांला 'माहीत' झालं, पण उद्या तुमच्या हातात फावडं दिलं तर गाडी पहिल्याच चढावर थांबेल. हे येणं एका माणसाकडून दुसऱ्याकडे, शेजारी उभं राहूनच जातं. आधी इंजिन पुसणारा, मग फायरमन, मग ड्रायव्हर, अशी जुनी पायरी या रेल्वेंनी ठेवली आहे. त्याला वर्षं लागतात. एक पिढी खंड पडला, तर संग्रहालयात इंजिन राहील, पण ते चालवणं राहणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की बर्मिंगहॅमच्या त्या सभेने वाचवलं ते मुख्यतः लोखंड नव्हे. वाचवला एक सराव. आणि सराव वाचवण्याचा एकच मार्ग आहे: तो करत राहणं.

इथे थांबलो असतो तर व्याख्यान गोड झालं असतं. पण नान्त ग्वेर्नोलला गाडी थांबते तिथे उतरून थोडं वर चालून जा. डोंगरउताराचा सरळ पट्टा दिसतो. यावरून भरलेल्या वाघिणी दोराने खाली यायच्या आणि त्यांच्याच वजनाने रिकाम्या वर खेचल्या जायच्या. इंधन नाही, नुसतं गुरुत्वाकर्षण. त्याच्याही वर ब्रिन एग्लुइसची खाण. तिथे आता गाडी नाही, शिटी नाही, तिकीट नाही. दगडांचे ढीग आणि पडक्या भिंती. लांबून येणारे कामगार आठवडाभर तिथल्या बराकीत राहत आणि सुटीला घरी जात. त्यांची भाषा वेल्श, त्यांचं प्रार्थनाघर वेगळं. गाडी वाचवणारे बरेचसे इंग्रज, शहरातले. त्यांना त्या दरीवर प्रेम होतं, यात शंका नाही. पण गाडीच्या वारसदारांत खाणकामगार नव्हते.

स्लेट फोडताना आणि कापताना बारीक धूळ उडते. ती श्वासातून आत गेली की फुप्फुसं कडक होत जातात. वेल्सच्या खाणकामगारांची पिढ्यान् पिढ्या अशी दमून, खोकून संपली. कोळसा-खाणवाल्यांना भरपाई मिळू लागली तरी स्लेटवाले मागे राहिले. ज्यांच्या कंपन्याच बंद पडल्या होत्या त्यांनी दावा कोणावर लावायचा? शेवटी मोठ्या मागणीनंतर कायदा झाला तो १९७९ साली. रेल्वे १९५१ला वाचली. तिच्या शेवटच्या टप्प्यावर, नान्त ग्वेर्नोलपर्यंत, प्रवासी गाडी १९७६ला जाऊ लागली. आणि दगड काढणाऱ्यांच्या फुप्फुसांची दखल १९७९ला. या तीन तारखा मला शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटतात.

हे परक्यांचं म्हणून सोडू नका. आपण पाटीवर ज्या पेन्सिलीने अक्षरं गिरवली, ती पेन्सिल मध्य प्रदेशात मंदसौरला बनायची, आणि तिथले कामगार याच रोगाने, कोवळ्या वयात गेले. आपल्या बालपणाच्या गोड आठवणीत ती धूळ कुठेच नाही.

मग वारसा म्हणजे खोटेपणा आहे का? मी तसं म्हणणार नाही. २०२१ साली युनेस्कोने वायव्य वेल्सच्या स्लेट-प्रदेशाला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा एकट्या गाडीला घेतलं नाही. ब्रिन एग्लुइसची खाण, आबरगनोल्विन हे कामगारांचं गाव आणि तालीथ्लिन रेल्वे, तिघांना एकत्र घेतलं. हे मला योग्य वाटतं. गाडी खाणीला जोडून पाहिली तरच ती कळते. नाहीतर ती नुसती खेळणं होते.

पुढचा काळ सोपा नाही. दक्षिण वेल्समधली फॉस-अ-व्रानची कोळसा-खाण २०२३च्या नोव्हेंबरात बंद झाली आणि या रेल्वेंना घरचा कोळसा मिळेनासा झाला. परदेशी कोळसा आणावा लागतो. काही ठिकाणी चुरा दाबून केलेल्या गोळ्यांचे प्रयोग चाललेत. स्वयंसेवकांची वयं वाढताहेत. पृथ्वी तापत असताना हौसेसाठी कोळसा जाळावा का, हा प्रश्न तरुण विचारतात, आणि त्यांनी तो विचारायलाच हवा. माझं उत्तर असं, की थोडा जाळावा, पण ज्या धुरावर आपलं आजचं जग उभं राहिलं तो धूर, ती मेहनत आणि ती किंमत समजावून देण्यासाठी जाळावा.

आणि आपण? १९०७ साली सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने माथेरानची गाडी सुरू केली. जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेलची चार इंजिनं तिच्यावर होती. त्यातलं एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, एक तर इंग्लंडमध्ये आहे. नेरळहून वर गाडी अजून जाते, डिझेलवर. ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्या नागमोडी चढावर वाफेचं इंजिन ज्यांनी चालवलं, ज्यांनी पावसाळ्यात वाहून गेलेला मार्ग दरवर्षी पुन्हा उभा केला, त्या गँगमनचं येणं आणि त्यांची नावं कुठे नोंदली आहेत? हे काम सरकारच करील म्हणून बसायचं नसतं, एवढं तरी त्या सत्तर माणसांकडून घेण्यासारखं आहे. तुमच्यापैकी कोणाच्या घरात रेल्वेतून निवृत्त झालेले आजोबा, मामा असतील, तर फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. काय केलंत हे विचाराच, पण कसं केलंत हेही विचारा. हातांनी करून दाखवायला सांगा.

तुमचे प्रश्न असतील तर आता जरूर विचारा.